आवाज नाण्याचा, खड्डा रिकामा: पार्कमधल्या खोट्या सिग्नलचं काय करायचं

तक्रार सगळ्यांची एकच. गावातलं जुनं, मोठाल्या झाडांचं पार्क. मशीन स्वच्छ, उंच आवाजात वाजतं, पडद्यावर चांदीच्या डाइमचा (दहा सेंटच्या नाण्याचा) आकडा येतो. गुडघे टेकून गवताचा काप काढला की खाली माती, आणखी दोन इंच गेलं की आणखी माती. कधी तरी एखादा वाकडा, गंजलेला खिळा हाताला लागतो, बरेचदा तोही नाही. न्यू जर्सीत मेटल डिटेक्टरचा नाद लागलेली आपली मंडळी दर वसंतात हेच विचारतात, आणि पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: मशीन बिघडलंय का, की महागातलं घेऊ?

दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा नाही. महागातलं मशीनही याच जमिनीवर याच चुका करतं, फक्त जरा कमी.

मशीनला नाणं कळत नाही, एवढं आधी डोक्यात पक्कं बसवा. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेची चकती, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतो. त्याने धातूत भोवरी प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र थोडं मागे पडून कॉइलकडे परत येतं. ते किती मागे पडलं, यावरून पडद्यावरचा आकडा ठरतो. चांदी आणि तांबं उत्तम वाहक, म्हणून त्यांचा आकडा वरचा. पण त्या आकड्यात वस्तूचा आकार, जाडी, ती कशी आडवी-उभी पडली आहे आणि शेजारी काय आहे, हे सगळंच मिसळलेलं असतं. तोच आकडा देणाऱ्या दहा भलत्या वस्तू पार्कात असतात.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात जास्त कामाला येणारा नियम: सिग्नल आला की लगेच वाकायचं नाही. त्याच जागी कॉइल डावी-उजवीकडे छोट्या झोक्यात फिरवा, मग स्वतः पाव वर्तुळ चालून काटकोनातून पुन्हा फिरवा. सपाट पडलेलं नाणं गोल असतं, ते कुठल्याही बाजूने तसंच वाजतं. एका दिशेने गातं आणि दुसऱ्या दिशेने गप्प होतं किंवा घरघरतं, ते शंभरातल्या बहुतेक वेळा नाणं नसतं. आकडा दोन-तीनने हलला तर हरकत नाही, पंधराने उड्या मारत असेल तर पुढे चला.

आधी कॉइल हवेत धरा

काही पार्कांत मशीन उगाचच किलबिलतं. कॉइल कमरेइतक्या उंचीवर धरून स्थिर उभे राहा. तरीही टोन येत असतील तर ते जमिनीतून येत नाहीत. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, दिव्याच्या खांबांना जमिनीखालून जाणारी केबल, शेजारच्या घराचं कुत्र्यासाठी पुरलेलं अदृश्य कुंपण, जवळच कुणी दुसरा डिटेक्टर फिरवत असेल तर तो, आणि तुमच्या स्वतःच्या खिशातला फोन. फोनची सवय लोकांना सोडवत नाही. तो निदान एअरप्लेन मोडवर टाका आणि कॉइलपासून लांब ठेवा.

मशीनमध्ये नॉइझ कॅन्सलची (बाहेरचा विजेचा गोंगाट टाळण्याची) सोय असेल तर ती त्या जागी उभं राहून, कॉइल स्थिर ठेवून चालवा. घरून निघताना केलेल्याचा उपयोग नाही. मग सेन्सिटिव्हिटी खाली आणा. इथे लोक अडतात, कारण ती खाली आणली की खोली जाईल, म्हणजे खोलवरचं मशीनला कळणार नाही, अशी भीती वाटते. कायम बडबडणाऱ्या मशीनमधून आठ इंचांवरच्या डाइमची बारीक हाक तुम्हाला ऐकूच येणार नाही, मग ती खोली कागदावरच. मशीन शांत होईल इतकी सेन्सिटिव्हिटी, त्याच्या वर एक पायरीही नाही. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन असेल आणि तरीही त्रास होत असेल, तर एकच फ्रिक्वेन्सी निवडून पाहा. खोली थोडी जाईल, पण डोकं शाबूत राहील.

एक ताकीद. लांब सरळ रेषेत, पावलापावलाला सारखा सिग्नल येत राहिला तर ती वायर किंवा पाइप आहे. तिथे खुरपं घालू नका. खणण्याआधी जमिनीखालच्या लाइनी विचारण्यासाठी अमेरिकेत ८११ हा नंबर आहे. पार्कात हिरवळीला पाणी देणाऱ्या झडपांच्या वायरी तर फार खोलही नसतात.

खड्डा रिकामा, पण सिग्नल खरा होता

हा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त घडतो. नाणं तिथेच असतं, फक्त खड्ड्यात नसतं.

चांदीचा डाइम १७.९ मिलिमीटरचा, अडीच ग्रॅमचा, पातळ. गवताचा काप उचलताना तो मातीबरोबर निघून येतो आणि काप उलटून बाजूला ठेवला की तुम्ही रिकाम्या खड्ड्यात शोधत बसता. म्हणून क्रम असा: काप काढल्यावर आधी मशीन खड्ड्यावरून फिरवा. वाजला तर खाली आहे. नाही वाजला तर काप आणि बाहेर काढलेली माती तपासा. माती नेहमी एका कापडावर काढावी, गवतात पसरू नये. याने शोधणं सोपं होतं आणि खड्डा बुजवताना एक कणही मागे राहत नाही.

दोन्हीकडे आवाज नाही? मग नाणं बहुधा सुट्या मातीत कडेवर उभं राहिलंय. कडेवर उभ्या नाण्याचा सिग्नल एकदम क्षीण होतो, कारण कॉइलला त्याची चकती दिसत नाही, कड दिसते. माती बोटांनी पसरून सपाट करा आणि पुन्हा फिरवा. मग हातातला पिनपॉइंटर (खड्ड्यात घालायचा छोटा, काठीसारखा डिटेक्टर) खड्ड्याच्या तळापेक्षा आधी भिंतींना लावा. निशाणी इंचभर चुकली असेल तर नाणं भिंतीतच असतं.

निशाणी चुकण्याचं कारण बहुतेक वेळा कॉइल. आजकालच्या बऱ्याच मशीनवर डबल-डी कॉइल असतो. त्याचा संवेदनशील भाग टोकापासून शेपटीपर्यंत जाणारी एक अरुंद पट्टी असते, मध्यबिंदू नव्हे. एकाच दिशेने झोके घेऊन ठरवलेली जागा त्या पट्टीवर कुठेही असू शकते. दोन दिशांनी फुली काढा, फुलीच्या मध्यावर खणा. वर सांगितलेली काटकोनाची चाचणी करत असाल तर हे आपोआपच होतं.

लोखंड चांदीचं सोंग घेतं

आता मुख्य आरोपी. लोखंडाचा आकडा एरवी तळाला असतो आणि मशीन त्याला घरघर किंवा मौन देतं. पण खिळा वाकडा असेल, गंजून त्याचे पापुद्रे सुटले असतील, किंवा पत्र्याचा सपाट तुकडा असेल, तर लोखंडातले भोवरी प्रवाह चांगल्या वाहकासारखी चाल करतात आणि मशीन मध्येच एक उंच चिरका स्वर काढतं. हा स्वर खिळ्याच्या मधल्या भागावर नाही, त्याच्या टोकांपाशी ऐकू येतो. म्हणून तुम्ही टोकाच्या पुढे खणता, आणि खिळा चार बोटं बाजूला मातीत पडून राहतो. खड्डा रिकामा!

ओळखायचं कसं? चांगला आवाज जिथे येतो ती जागा डोळ्यांत धरा. आता पिनपॉइंट मोड दाबा. हा मोड धातूंत फरक करत नाही, वस्तूचं वजनदार केंद्र कुठे आहे तेवढंच सांगतो. दोन्ही जागा एकच आल्या तर खणा. पिनपॉइंट दोन-तीन इंच बाजूला दाखवत असेल तर खिळ्याचं टोक वाजत होतं. याच्याइतकी कामाची चाचणी दुसरी नाही, आणि ती फुकट आहे.

दुसरं, डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचा आवाज बंद करणारं सेटिंग, काढून टाका. लोखंड बंद ठेवून फिरणाऱ्याला फक्त तो चिरका स्वर ऐकू येतो आणि त्याच्या अवतीभवतीची घरघर ऐकू येत नाही. लोखंडाचा आवाज सुरू ठेवला की गोष्ट पूर्ण कळते: घर्र, टिंग, घर्र. टिंगच्या दोन्ही बाजूंना घरघर असेल तर संशय घ्या. मला विचाराल तर नव्या माणसाने लोखंडाचा आवाज बारीक करावा, बंद कधीच करू नये.

गंजलेल्या लोखंडाची आणखी एक खोड म्हणजे त्याच्याभोवतीच्या मातीत गंज मुरतो. सिग्नलला तेवढी माती मोठी करते. काप काढताना ती मोडली की सिग्नलच विरून जातो, आणि माणूस भूत दिसल्यासारखा खड्ड्याकडे बघत बसतो.

या फसवणुकीचा सगळ्यात प्रसिद्ध बळी अलेक्झांडर ग्रॅहम बेल. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे हे शोधायला बेल आपलं विजेचं उपकरण घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. उपकरण जिथे ठेवावं तिथे थोडंफार कुरकुरत राहिलं. नंतर कळलं की अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांचं जाळं होतं. शिवाय डॉक्टरांनी उजव्या बाजूलाच शोधू दिलं, आणि गोळी निघाली डावीकडे. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड वारले. उपकरण चांगलं होतं. गादी कुणी उचलून पाहिली नाही.

दातेरी झाकणं

बाटलीचं पोलादी दातेरी झाकण १८९२ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने पेटंट केलं, आणि तेव्हापासून अमेरिकेच्या पार्कांत ते पडतंच आहे. ते गोल आहे, सपाट आहे, नाण्याएवढं आहे. त्यामुळे काटकोनाची चाचणी इथे फसते, दोन्ही दिशांनी सुरेख वाजतं. आकडा क्वार्टरच्या (पंचवीस सेंटच्या नाण्याच्या) आसपास येऊ शकतो.

इथे दुसरी युक्ती लागते. कॉइल झाकणाच्या मध्यावर आणा आणि छोटे झोके घेत घेत हळूहळू स्वतःकडे मागे ओढा, म्हणजे वस्तू कॉइलच्या टोकाकडून बाहेर पडेल. नाणं शेवटपर्यंत त्याच सुरात राहतं आणि मग थांबतं. झाकण जाता जाता घरघरतं, आकडा कोसळतो. कान तयार व्हायला थोडा वेळ लागतो. घरच्या बागेत एक झाकण आणि एक पेनी (एक सेंटचं नाणं) दोन फुटांच्या अंतरावर ठेवून आलटून पालटून ऐका, चहा होईपर्यंत फरक लक्षात येईल.

ॲल्युमिनियमचं फिरकीचं झाकण मात्र वेगळं. ते या युक्तीला दाद देत नाही. खणावं लागतं.

माती

मध्य न्यू जर्सीत, एडिसन-न्यू ब्रन्सविकच्या पट्ट्यात, जमीन लाल आहे. तांबड्या शेलची (थराथरांच्या मऊ खडकाची), लोहाचे ऑक्साइड असलेली. कोकणातल्या जांभ्याइतकी कडक नाही, पण मशीनला थोडी जाणवते. ग्राउंड बॅलन्स न करता, म्हणजे मातीचा स्वतःचा सिग्नल मशीनला वगळायला न लावता फिरलात तर कॉइल वर-खाली होताना जमीनच वाजते. स्वच्छ जागा शोधा, जिथे धातू नाही, आणि तिथे कॉइल पंपासारखा वर-खाली करत मशीनकडून बॅलन्स करून घ्या. पार्कच्या दुसऱ्या टोकाला गेलात तर पुन्हा. एवढंच. यावर लोक पानंच्या पानं लिहितात, इथे तेवढी गरज नाही.

झोका घेताना टोकांना कॉइल वर उचलला जातो का, तेवढं बघा. तो जमिनीला समांतरच राहिला पाहिजे, नाहीतर प्रत्येक झोक्याच्या शेवटी एक खोटी चिवचिव ठरलेली.

पुल-टॅब: यावर इलाज नाही, निर्णय आहे

साठच्या दशकाच्या सुरुवातीला ओहायोतल्या डेटनच्या अर्मल फ्रेझने कॅनला ओढून काढायची कडी बसवली. लोक ती काढत आणि पायाशी टाकत. कॅनलाच चिकटून राहणारी कडी १९७५ मध्ये आली, पण तोवरच्या दहा-बारा उन्हाळ्यांच्या कड्या पार्कांत पुरल्या गेल्या होत्या. सगळ्या ॲल्युमिनियमच्या, आणि आकडा नेमका पाच सेंटच्या निकेलच्या आजूबाजूचा. इक्विनॉक्स ८०० या मशीनवर निकेल १२-१३ ला बसतं, आणि कड्या त्याच्या खाली-वर दोन्हीकडे पसरलेल्या. सोन्याच्या अंगठ्याही याच टापूत येतात.

कोणतंही सेटिंग कडी आणि निकेल वेगळं करून देत नाही. देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ठरवायचं तुम्हाला आहे. फक्त चांदी हवी असेल तर हा टापू सरळ सोडा. युद्धकाळातली निकेल हवी असतील (१९४२ ते १९४५ मधली, ३५ टक्के चांदीची, मागच्या बाजूला घुमटावर मोठं टांकसाळीचं अक्षर असलेली), तर मुकाट खणा.

यातून एक जास्त महागात पडणारी गोष्ट होते. कड्यांना वैतागून लोक आकड्यांचा मोठा पट्टाच बंद करतात, आणि त्यात झिंकची पेनीही जाते. १९८२ पासूनच्या पेनीत आत जवळपास सगळं जस्त असतं, जमिनीत ती कुजते, कुणाला नको असते. पण १८५९ ते १९०९ मधल्या इंडियन हेड पेनीचा आकडा बरेचदा तिथेच पडतो. झिंक बंद म्हणजे इंडियन हेडही बंद. ज्या पार्कात एक जरी इंडियन हेड निघाली, तिथे मी झिंकचा टापू उघडा ठेवून प्रत्येक कुजकी पेनी खणतो.

मशीनचीच तपासणी

सगळ्यात शेवटी करावी असं म्हणतात. मला वाटतं ती पाच मिनिटांत होते, तर आधीच करून टाकावी. कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळली आहे का? सैल केबल कॉइलपाशी लोंबली की प्रत्येक झोक्याला वाजते. कॉइलच्या खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा, आत साचलेली ओली, लोहयुक्त माती धुऊन टाका. बुटाच्या टोकात पोलादी पट्टी आहे का? झोका पावलाजवळ आला की वाजणाऱ्या ‘चांगल्या जागा’ तिथूनच येतात. हे सगळं ठीक असूनही कॉइल स्थिर ठेवून केबल हलवल्यावर मशीन ओरडत असेल, तर केबल किंवा तिचा जोड गेला आहे. दुकानात न्या.

खोटे सिग्नल गेले, तरी जुनं काही निघत नाही

आता खरी गंमत. मशीन शांत झालं, खिळे ओळखता येऊ लागले, आणि पिशवीत तरीही फक्त नवी क्वार्टर. १९६५ च्या आधीचे डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर ९० टक्के चांदीचे, तसं एकही नाही.

दोन शक्यता. पहिली, नाणी कचऱ्याखाली झाकली गेलीत. गवताखाली गांडुळं तळाची माती वर आणून टाकत राहतात आणि वरच्या वस्तू हळूहळू खाली जातात; हे डार्विनने वर्षानुवर्षं मोजलं होतं. त्यामुळे जुनं नाणं खाली आणि त्याच्या वर साठ वर्षांचा कचरा. मोठा कॉइल एका वेळी तीन-चार वस्तूंवर असतो आणि त्यातली सगळ्यात मोठ्याने बोलणारी तेवढी ऐकू येते. इथे लहान, पाच-सहा इंचांचा कॉइल लावा. खोली कमी मिळेल, पण दोन खिळ्यांच्या मधला डाइम वेगळा ऐकू येईल. झोका मुंगीच्या चालीने. एका बाकाच्या मागची दहा फूट जागा अर्धा दिवस खाऊ शकते, खाऊ द्या. तिथले झाकण-पत्रे उचलून घ्या आणि त्याच जागेवरून पुन्हा फिरा. कचरा निघाला की खालचं बोलू लागतं.

हे करण्याआधी परवानगीचं बघून घ्या. राष्ट्रीय उद्यानांत मेटल डिटेक्टर चालत नाही, नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. न्यूयॉर्क शहराच्या पार्कांत परवाना काढावा लागतो. काउंटी आणि गावाच्या पार्कांचे नियम जागोजागी वेगळे, काही ठिकाणी फावडं चालत नाही, स्क्रूड्रायव्हरने उकरलेलं चालतं. आणि सुट्टीत मशीन बॅगेत घालून पुण्याला नेण्याचा विचार असेल तर तो इथेच सोडा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि संरक्षित किल्ल्या-वाड्यांच्या आवारात खणणं वेगळाच गुन्हा.

दुसरी शक्यता: ती जुनी जमीन खालीच दबली आहे. सहा-सात इंचांवर नव्वदच्या दशकातली पेनी आणि प्लास्टिकचे तुकडे निघत असतील, तर पार्कात बाहेरची माती आणून टाकलेली आहे, आणि १९२० सालची हिरवळ तुमच्या कॉइलच्या आवाक्याखाली आहे. सेटिंग बदलून काही होणार नाही.

हे एकही खड्डा न खणता तपासता येतं. मोठ्या, जुन्या झाडांची बुडं बघा. मूळ जमीन तशीच असेल तर खोड तळाशी रुंद होतं, मुळं जमिनीवर फाकलेली दिसतात. खोड खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं असेल, तर तिथे भराव आहे. भराव नसलेली झाडं शोधा, त्यांच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूने सुरुवात करू नका. उन्हाळ्याच्या दुपारी सावली उत्तरेकडून पूर्वेकडे सरकते, सहलीला आलेली माणसं तिकडेच बसायची.